मोटिव्हेशन नको, तारीख द्या

"काय करू लालीस गं सध्या?"

हा प्रश्न मला पाण्याच्या दिवशी विचारला जातो. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, आणि आलं की शुक्रवार पेठेतला आमचा अख्खा वाडा घागरी, बादल्या, मोटारीचे पाइप घेऊन खाली उतरतो. तेवढ्या वेळात सगळ्यांची सगळी चौकशी उरकते. मी बी.एस्सी. ॲग्री होऊन तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत होम मैदानावर तीनदा गड्डा भरला आणि उठला. माझं उत्तर तेच आहे : "अभ्यास चालूय, मावशी."

मावशी प्रेमळ आहेत. पण त्या पुढे जे म्हणतात ते मला आता ऐकवत नाही. "धीर सोडू नको. मोटिव्हेट राहा." सातवी शिकलेल्या, आयुष्यभर विड्या वळलेल्या मावशींच्या तोंडात हा शब्द कुठून आला? विड्या वळता वळता शेजारी ठेवलेल्या मोबाइलमधून. माझ्याकडेही तो तिथूनच आला. पहाटे चारला उठा, फोन बंद करा, थंड पाण्यानं अंघोळ करा, स्वतःवर विश्वास ठेवा. मी हे सगळं केलंय. थंड पाण्याची अंघोळ तर आमच्याकडे गॅस संपला की आपोआप होते.

हा लेख त्या शब्दाविरुद्ध आहे. निराश होऊ नये, हे मलाही मान्य आहे. पण नोकरी लांबली की दोष जोशात शोधायचा, हे निदानच चुकलेलं आहे. ज्वारीचं पान पिवळं पडलं तर पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा आधी मुळाशी बघतो. पाणी साचलंय का, नत्र कमी आहे का, जमीन चुनखडीची आहे का? पानापुढे उभं राहून "हिरवं राहा, हिरवं राहा" असं कुणी म्हणत नाही. आम्हाला मात्र गेली तीन वर्षं सगळे तेच म्हणतायत.

*

मुळाशी काय आहे ते बघू. २०२४ चं उदाहरण घ्या. लोकसेवा आयोगाच्या राजपत्रित नागरी सेवा संयुक्त पूर्वपरीक्षेची पहिली तारीख होती २८ एप्रिल. ती पुढे गेली. मध्ये आणखी बदल होत २५ ऑगस्ट ठरली. त्याच दिवशी आयबीपीएसची बँकेची परीक्षा आली. मूळ जाहिरातीत कृषी सेवेची पदं नव्हतीच. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्यात मुलं-मुली रात्री रस्त्यावर बसली. मागण्या दोन : परीक्षा पुढे घ्या, आणि कृषीची २५८ पदं याच परीक्षेत घ्या. २२ ऑगस्टला, परीक्षेला तीन दिवस उरले असताना, आयोगानं परीक्षा पुढे ढकलली. ती झाली १ डिसेंबरला.

मी तेव्हा पुण्यात नव्हते. वाड्याच्या माळवदावर बसून फोनवर बघत होते, कारण खाली रेंज येत नाही. माझी मैत्रीण तिथं होती. तिनं रात्री दोनला मेसेज केला : "वह्या आणल्यात. उजेडात वाचतोय."

२८ एप्रिल ते १ डिसेंबर म्हणजे २१७ दिवस. रब्बी ज्वारी साधारण १२० दिवसांत निघते, मूग साधारण ६५ दिवसांत. दिवसांच्या हिशोबात दोन पिकं घरात आली असती आणि तरी महिनाभर रान मोकळं राहिलं असतं.

इथं कुणीतरी म्हणेलच, की परीक्षा पुढे ढकला ही मागणी तर तुमचीच होती! हो, आमचीच होती. दोन परीक्षा एकाच दिवशी ठेवल्या आणि आपल्या विषयाची पदं जाहिरातीत नसली, तर माणूस दुसरं काय मागणार? कुठल्या खात्यात किती जागा रिकाम्या आहेत हे आम्ही ठरवत नाही. त्यांचं मागणीपत्र कधी पाठवायचं हेही आमच्या हातात नाही. ज्यांच्या हातात आहे त्यांनी ते वेळेत केलं असतं, तर त्या मुलीला रस्त्यावरच्या दिव्याखाली मृद्‌शास्त्र वाचावं लागलं नसतं.

आयोग वर्षाचं वेळापत्रक जाहीर करतो. त्याचं नावच 'अंदाजित वेळापत्रक' असतं. अंदाज हवामान खात्यानं द्यावा, ते मी समजू शकते. ढगांवर कुणाचं नियंत्रण नाही. पण परीक्षेची तारीख ढगांमधून पडत नाही. केंद्राचा आयोगही वेळापत्रक काढतो आणि एरवी ते पाळतो. २०२० मध्ये ३१ मेची पूर्वपरीक्षा ४ ऑक्टोबरला गेली, तेव्हा निदान जगभर साथ होती.

*

आम्ही ज्या विषयाची पदवी घेतली, तो विषयच तारखांचा आहे. म्हणून हा उशीर आम्हाला जास्त लागतो.

आमच्या जिल्ह्याचं पीक रब्बी ज्वारी. मालदांडी, म्हणजे एम ३५-१, ही जात १९३० च्या दशकात इथल्याच मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडली गेली आणि आजही लोक ती पेरतात. कोरडवाहू रब्बी ज्वारी कधी पेरायची? १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. आधी पेरली तर खोडमाशी, उशीर केला तर दाणे भरायच्या वेळी जमिनीतली ओल संपलेली. हे वाक्य आम्ही चार वर्षांत इतक्या वेळा लिहिलं की झोपेतही सांगू. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीवर वैधतेची तारीख असते. पहिल्यांदा ९ महिने, मग पुन्हा तपासून वाढवायची. कारण ठेवलेल्या बियाण्याची उगवणशक्ती उतरत जाते. त्यात बियाण्याचा आळस नसतो.

पदवीधराचंही असंच होतं. 'रावे'च्या सत्रात, म्हणजे गावात राहून करायच्या कार्यानुभवात, मी 'कृषिकन्या' होते. बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक दाखवतानाचा आमचा फोटो पेपरात आला होता. आव्वानं तो कापून देवघराशेजारी लावला. तेव्हा मला पानावरचा डाग बघून रोग ओळखता यायचा. दोन वर्षं चालू घडामोडी, पंचवार्षिक योजना आणि राज्यपालांची यादी पाठ केल्यावर एकदा गावी काकांनी डाळिंबाचं पान पुढे केलं आणि मी गप्प झाले. तो तेल्या होता, की दुसरा कुठला ठिपका? मला खात्रीनं सांगता येईना. त्या दिवशी मी खरी घाबरले. जोश काय, एखाद्या रीलनं संध्याकाळपुरता परत येतो. विषय एकदा विसरला की तसा परत येत नाही.

*

या तीन वर्षांत मला मिळालेले सल्ले तीन प्रकारचे आहेत.

पहिला : शेतीची पदवी आहे, मग शेती कर. हा सल्ला देणाऱ्यांत शेती करणारा एकही माणूस मला भेटला नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातलं सरासरी धारण क्षेत्र आहे १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. आमच्या वाटणीला त्याहून कमी येतं, आणि तेही कोरडवाहू. सल्ला देणाऱ्यांनी फेब्रुवारी २०२३ आठवावा. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा आणला. हमाली, तोलाई, भाडं वजा जाऊन त्याच्या हातात २ रुपयांचा चेक आला. त्या २ रुपयांच्या चेकवरही पुढची तारीख होती. शेती वाईट आहे, असं मी म्हणत नाही. पण ज्या बाजारात मुरलेला शेतकरी २ रुपये घेऊन परततो, तिथं मला बेकारीवरचा उपाय म्हणून पाठवू नका.

दुसरा : प्रायव्हेट बघ. बघितलं. औषधं-खतांच्या कंपन्यांत 'फील्ड ऑफिसर' म्हणून घेतात. एका मुलाखतीत मला दोन प्रश्न विचारले. गाडी आहे का? आणि घरचे संध्याकाळी उशिरापर्यंत बाहेर राहू देतील का? पिकाविषयी एकही नाही. "मुलींना फील्डवर पाठवत नाही, ऑफिसला जागा निघाली की कळवू." अजून कळवलेलं नाही. माझ्या वर्गातला एक जण अशाच नोकरीत आहे. मार्चमध्ये टार्गेट पूर्ण झालं नाही की तो स्वतःच्या पगारातून माल उचलून दुकानात ठेवतो.

तिसरा : धंदा कर, सरकारी योजना आहेत. आहेत. कृषी चिकित्सालय आणि कृषी व्यवसाय केंद्रांची केंद्राची योजना २००२ पासून आहे. ४५ दिवसांचं प्रशिक्षण मिळतं, कर्जावर अनुदान मिळतं, आणि तिच्यातून उभे राहिलेले लोक महाराष्ट्रात आहेत. योजनेला मी नावं ठेवणार नाही. पण मी गेले त्या बँकेत साहेबांनी अर्ज बाजूला ठेवून विचारलं, "घर कुणाच्या नावावर आहे?" वाडा भाड्याचा आहे.

या तिन्ही वाटा खऱ्या आहेत आणि त्यांवरून लोक चालतायत. पण त्यांना जमीन, गाडी किंवा घर लागतं. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही, त्यांच्यासाठी मोटिव्हेशन ठेवलेलं आहे. ते फुकट आहे.

*

आता चौथ्या वाटेबद्दल. ही कुणी सल्ला म्हणून देत नाही, हळू आवाजात विचारतात.

कीटकनाशकं विकायची तर दुकानात पात्र माणूस हवा. कृषीची किंवा ठरावीक विज्ञान विषयांची पदवी लागते, असा केंद्राचा नियम २०१५ मध्ये आला. जुन्या दुकानदारांना नंतर अभ्यासक्रम करून पात्र होण्याची सवलत मिळाली. नियम चांगला आहे. विष विकणाऱ्याला विष कळावं, इतकंच तो म्हणतो. गेल्या पावसाळ्यात एक दुकानदार ओळखीनं घरी आले. चहा घेतला. म्हणाले, "ताई, तुम्ही यायची गरज नाही. फक्त सर्टिफिकेट द्या. वर्षाला २० हजार."

२० हजार म्हणजे अभ्यासिकेची दोन वर्षांची फी आणि वर परीक्षांचे अर्ज. २०२३ च्या तलाठी भरतीचा एक अर्ज १,००० रुपयांचा होता, राखीव प्रवर्गाला ९००. साडेचार हजारांच्या आसपास जागा आणि दहा लाखांहून अधिक अर्ज. आमचे आप्पा यंत्रमागावर आहेत. ते काही बोलले नाहीत, पण कप उचलून आत गेले, म्हणजे निर्णय माझ्यावर सोडला.

मी दोन दिवस मागितले आणि त्यांच्या दुकानाकडे जाऊन लांबून बघत उभी राहिले. काउंटरला दहावी-बारावीचा मुलगा होता. एक शेतकरी प्लॅस्टिकच्या पिशवीत डाळिंबाची फांदी घेऊन आला. मुलानं फांदीकडे बघितलंही नाही. मागच्या फळीवरून तीन बाटल्या काढल्या, पावती न करता पिशवीत टाकल्या. भिंतीवर परवाना लावलेला होता, कुणाच्या तरी पदवीवर घेतलेला. उद्या तिथं माझं नाव लागलं असतं.

मी नाही म्हणाले. हे मोठेपणानं सांगत नाही. तिसऱ्या दिवसापर्यंत माझा होकारच होता, फोन लावताना आवाज फुटला नाही इतकंच. माझ्या ओळखीतल्या दोघांनी पदवी भाड्यानं दिलीय आणि त्यांना बोलायची माझी छाती नाही.

पण तिथं उभं राहून मला एक हिशोब कळला. गावपातळीवर कृषी खात्याचं एक पद रिकामं राहिलं, तर तिथला सल्ला थांबत नाही. तो दुकानातून मिळतो, आणि देणारा बाटली विकणारा असतो. उशिराची किंमत माझ्या आधी त्या पिशवीवाल्या माणसानं मोजलेली असते. मे २०२५ मध्ये, आंदोलनानंतर, कृषी सहायकाचं पदनाम 'सहायक कृषी अधिकारी' झालं. त्यांचा मान वाढला, चांगलं झालं. आता रिकाम्या जागांवर माणसंही वेळेत यावीत.

*

मग टिकायचं कसं? हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण वाचणाऱ्यांपैकी कित्येक जण आज रात्री हाच प्रश्न घेऊन झोपणार आहेत.

मी काय केलं ते सांगते. ही यशोगाथा नाही. 'नोकरीच्या मागे न लागता तरुणीची लाखोंची झेप' या मथळ्याखाली माझा फोटो कधीच येणार नाही. काकांच्या पानापुढे गप्प झाल्यावर मी रविवार अभ्यासातून काढून टाकला आणि तो शेताला दिला. जुन्या वह्या काढल्या. सोलापूरजवळ केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, २००५ पासून. तेल्यासाठी त्यांच्या शिफारशी वाचल्या. काका मृग बहार धरायचे, म्हणजे फळ नेमकं पावसात, आणि तेल्या हा जिवाणूजन्य रोग पावसात, दमटपणात फोफावतो. मी हस्त बहाराला वळा म्हणाले. रोगट फांद्या कापून जाळायच्या, कात्री दर झाडाला निर्जंतुक करायची, झाडाला विश्रांती द्यायची. काकांना पटायला एक हंगाम गेला. तेल्या गेला नाही, कमी झाला. शेजारच्या बागवाल्यानं मला बोलावलं. आता मी एका फेरीचे ३०० रुपये घेते. फुकट जात नाही, कारण फुकटच्या सल्ल्याचं काय होतं ते मी वाड्यात रोज बघते.

यातून घर चालत नाही. महिन्याला चार-पाच फेऱ्या होतात. पण ओळखलेला रोग बरोबर निघाला की सोमवारी अभ्यासिकेत बसणं सोपं जातं, हे खरं आहे. माझ्या अनुभवात उमेद भाषणातून आली नाही. मला येणारी गोष्ट कुणाच्या तरी उपयोगी पडली, की ती आली. तुमच्याकडे डाळिंब नसेल. माती परीक्षणाचा अहवाल वाचून दाखवा, ठिबकचं गणित करून द्या, काहीही. पण विषयाला गंज चढू देऊ नका. परीक्षा पास झालात तर तो लागेल, नाही झालात तर जास्तच लागेल.

आणि हे करताना मागणी सोडू नका. इथंच मोटिव्हेशनवाल्यांशी माझं भांडण आहे. ते म्हणतात, व्यवस्थेकडे बोट दाखवू नका, स्वतःला बदला. मी स्वतःला बदललं, रविवारचा रविवार बदलला. तारखा बदलायच्या थांबल्या नाहीत.

आमच्या मागण्या अगदी साध्या आहेत. दरवर्षी ठरलेल्या दिवसापर्यंत कृषी खात्यानं रिक्त पदांचं मागणीपत्र पाठवावं, आणि ते सगळ्यांना बघता यावं. वेळापत्रकावरचा 'अंदाजित' हा शब्द काढावा. निकालाची आणि नेमणुकीचीही मुदत ठरवावी.

एवढं झालं तरी आम्हा सगळ्यांना नोकरी मिळणार नाही, हे मला माहीत आहे. २५८ जागांवर २५८ माणसंच बसतात. पण वेळेवर आलेला नकारसुद्धा उपयोगाचा असतो. जूनमध्ये 'नाही' कळलं तर मी जुलैत दुसरं काही सुरू करीन. तीन वर्षं 'बघू' ऐकलं की माणूस ना इकडचा राहतो ना तिकडचा. आमचे आजोबा गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर थकलेल्या देण्याची वाट बघत बसले. देणं बुडालं असं कुणी स्पष्ट सांगितलं असतं, तर त्यांनी दुसरं काम धरलं असतं, असं आव्वा अजून म्हणते. 'पुढच्या महिन्यात' या शब्दावर त्यांची बारा वर्षं गेली. त्यांना आळशी म्हणायची या घरात कुणाची हिंमत नाही. मग मलाही म्हणू नका.

परवा पाणी आलं. मावशींनी विचारलं, "काय करू लालीस?"

मी म्हटलं, "उद्या डाळिंबाची बाग बघायला जायचंय. आणि परीक्षेची तारीख अजून अंदाजितच आहे."

"अंदाजित म्हंजे?"

"म्हणजे नळाला पाणी येणार, पण कधी ते सांगणार नाहीत."

मावशींनी घागर खाली ठेवली. त्यांना मोटिव्हेशनचं सगळं येत होतं, पण ही गोष्ट त्यांच्या रोजच्यातली होती.

"मग भांडा की," त्या म्हणाल्या. "आम्ही काय गप बसून पाणी आणलो का?"